आमचा डंक कारखान्यात मोडत नाही

माहेर माझं कुडाळच्या अलीकडे, नाव सांगून तुम्हाला काय कळणार, गाडीसुद्धा तिथे थांबत नाही. लग्न झालं आणि आले ती थेट लालबागला, चाळीच्या तळमजल्यावरच्या खोलीत, आणि काय सांगू तुम्हाला, पहिल्याच दिवशी मला वाटलं की ह्या मुंबईत सगळ्यांना पडसं झालंय की काय. सासूबाई शिंकतायत, दीर शिंकतोय, दारात ओवाळणारी बाई तबक हातात घेऊन शिंकतेय. मी पदर नाकाला लावून उभी. तेवढ्यात समोरच्या खोलीतली एक पोरसवदा बाई पुढे आली आणि मालवणीत म्हणाली, भियाव नको गो बाय, मिरची कुटतत, उद्यापासून तुकापण सवय जातली. ती नलू. माझ्या आधी वर्षभर लग्न होऊन आलेली, आमच्याच बाजूची. त्या दिवसापासून ती माझी आणि मी तिची.

तर मिरची कुटायचा डंक आमचाच होता. सासऱ्यांनी टाकलेला, खोलीला लागून जी दुकानाची जागा, तिथे. तुम्ही आजकालच्या, पाकीट फोडून मसाला घालणाऱ्या, म्हणून सांगते. डंक म्हणजे काय, तर खाली लोखंडाच्या उखळी आणि वरून मोटरवर आपटणारी लोखंडाची मुसळं, धाड धाड धाड, अख्ख्या चाळीला ऐकू जायचं. आवाज सुरू झाला की वरच्या माळ्यावरच्या बायकांना कळायचं, शालूचा डंक चालू झाला, चला. मग एकेक जण आपली मिरची घेऊन खाली उतरायची. आधी दोन दिवस ती मिरची चाळीच्या अंगणात वाळत पडलेली असायची, मे महिन्यात तर पाय ठेवायला जागा नसायची, सगळं अंगण लाल, आणि कुणाची चादर कुठे संपते आणि कुणाची कुठे सुरू होते यावरून भांडणं. देठं मोडत बसायचं, धणे, खोबरं, दगडफूल तिथेच माझ्या चुलीवर भाजायचं, आणि मग आपला मसाला कुटून होईपर्यंत बाकड्यावर ठाण मांडायचं. उठायचं नाही. नजर उखळीवर. एकीच्या मसाल्याचा कण दुसरीच्या मसाल्यात गेला तर खैर नाही.

आणि त्या बाकड्यावर काय काय झालं म्हणून सांगू. सोयरिकी जमल्या, मोडल्या. कुणाची सून माहेरी गेली, कुणाचा नवरा पिऊन आला, सगळं मिरचीच्या धुरळ्यात, डोळ्यातलं पाणी कशाचं ते कुणी विचारायचं नाही. माझे सासरे गेले, मग आमच्या ह्यांची गिरणी बंद पडली आणि हे डंकावर बसायला लागले. हे तसे गरीब स्वभावाचे, पण एका गोष्टीवर भयंकर चिडायचे. रिकामा डंक चालवायचा नाही. उखळीत माल नसला की लोखंडावर लोखंड आपटतं, उखळ फुटते. शेवटची मूठ निघाली की बटण बंद, अगदी त्याच क्षणी. मी बोलत बसले नि विसरले तर ओरडायचे, अगो तुझ्या तोंडाला बटण नाही ते नाही, त्याला तरी आहे ना. आता हेही नाहीत. फोटो आहे वर, तो बघा, मोटरच्या बाजूला लावलाय.

हां, तुम्ही नियमाचं विचारत होता. सांगते, सगळं सांगते.

चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं. अंगणात खुर्च्या मांडून मीटिंग झाली, बिल्डरचा आर्किटेक्ट मोठा नकाशा घेऊन आला, पिवळा, निळा, जांभळा, नुसते रंग. सगळ्यांना खोल्या दाखवून झाल्या आणि माझ्याकडे वळून म्हणतो, आंटी, तुम्हाला दुकानाला जागा मिळेल, पण मशीन नाही बसवता येणार. मी म्हटलं का रे बाबा? तर म्हणे शहराची नियमावली नवीन होतेय, कुठल्या भागात काय चालेल आणि काय नाही ते नव्याने लिहितायत, आणि मसाला कुटणं हे कारखान्यात धरलंय. हा पिवळा रंग म्हणजे राहायचा भाग, त्यात कारखाना चालत नाही. पिठाची गिरणी चालेल म्हणे. मी म्हटलं, गिरणी चालते आणि डंक नाही, गव्हाने काय पुण्य केलंय? तो हसला मेला. म्हणाला, झेरॉक्सचं टाका आंटी, आवाज नाही, वास नाही. शिरा पडो त्याच्या तोंडावर. माझा प्रशांतसुद्धा, माझा मुलगा हो, तो म्हणाला, आई, खूप झालं आता, तुझी कंबर बघ, सोडून दे. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. कंबर दुखते ते खरं, पण डंक नसला तर बायका खाली कशाला उतरतील? टॉवरात जो तो आपलं दार लावून बसणार. मला डंक हवा होता तो त्यांच्यासाठी हवा होता, नलूसाठी हवा होता, हे मी प्रशांतला कसं समजावणार.

नलूने समजावलं त्याला. तिने त्याला दारात उभा धरला आणि म्हणाली, मेल्या, ह्या डंकाच्या मसाल्यावर तू वाढलास आणि आता झेरॉक्स खातलंस काय? तोच मग पेपरात बघून आला की नवीन नियमांवर लोकांच्या हरकती-सूचना मागवल्यात. त्यानेच हरकत लिहिली, चाळीतल्या बायकांनी सह्या केल्या, आणि सुनावणीला वॉर्ड ऑफिसात बोलावणं आलं.

मी सगळ्यांना बजावून नेलं होतं. हात जोडून सांगितलं होतं की तिथे एकजुटीने बोलायचं, माझं बोलून झालं की मान हलवायची, बस. नलू होती, दुसऱ्या माळ्यावरची मंदा होती, साताऱ्याकडची, आणि वरळी कोळीवाड्यातून हिराबाई मुद्दाम आली होती, दरवर्षी मसाला माझ्याकडेच करणारी, दागिने घालून, नाकात नथ. आम्ही इस्त्रीची पातळं नेसून बाकावर बसलो. समोर टेबलापलीकडे एक अधिकारी बाई, आमच्या सुनेच्या वयाची, चष्मा, बोलणं एकदम स्वच्छ, पुस्तकासारखं. माझा नंबर आला. मी पाठ केलेलं सगळं बोलले. बाईंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, पण मावशी, बाजारात इतका चांगला तयार मसाला मिळतो, लोक तोच घेतात, मग राहत्या इमारतीत हे यंत्र कशाला हवं?

झालं. मी तोंड उघडायच्या आत नलू उभी राहिली. म्हणाली, बाजारच्या मसाल्याक बडीशेपेचो वास तरी येता काय? मंदा म्हणाली, मसाल्यात बडीशेप कशाला ती, जेवण झाल्यावर खायची वस्तू, मसाल्याला कांदा-लसूण पाहिजे नि खोबरं पाहिजे. हिराबाई म्हणाली, अगं बये, खोबरं घालून मसाला टिकतो होय वर्षभर, आणि असल्या मसाल्यात पापलेट घातलं तर ते पापलेट रडेल. नलू म्हणाली, तुझ्या मसाल्यात हळद सोडून आसा काय? हिराबाईने कमरेवर हात ठेवले. मंदा नलूला म्हणाली, तुझी आमटी माझ्या घरात कुत्रं खाणार नाही. आणि ह्या दोघी एकाच चाळीत जन्म काढलेल्या, एकमेकींची बाळंतपणं केलेल्या! सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. शिपाई आला. मी नलूचा पदर ओढतेय, गो बस, गो बस, तर ती मलाच म्हणते, तू गप, तुका काय कळता, तू सगळ्यांचेच मसाले कुटतंस. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वाटलं, संपलं, घालवलं ह्या बयांनी.

त्या अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, एक मिनिट, एक मिनिट, म्हणजे तुमच्यातल्या कुणालाच दुसरीचा मसाला चालत नाही? तिघी एका आवाजात म्हणाल्या, नाही! मग बाई मला म्हणाल्या, मावशी, तुम्ही स्वतःचा मसाला करून विकता का? मी म्हटलं नाही हो, ज्याची त्याची मिरची, ज्याचं त्याचं प्रमाण, माझा नुसता डंक. तशा त्या हसल्या, पहिल्यांदाच. म्हणाल्या, मग हा कारखाना नाही. कारखान्यात एकच माल निघतो आणि तो सगळ्यांना विकतात. लोक आपलं धान्य गिरणीत नेऊन दळून आणतात, तसंच तुमच्याकडे आहे. मी लिहून घेते, पुढे काय होईल ते माझ्या एकटीच्या हातात नाही.

बाहेर आलो तर तिघी एकमेकींशी बोलेनात. मग कोपऱ्यावर चहा घेतला आणि नलूच आधी हसली. इतक्या हसलो, इतक्या हसलो की हिराबाईची नथ चहात पडली.

त्यानंतर चाळ रिकामी झाली. मी भोईवाड्यात भाड्याने, मंदा गावाला, नलू तिच्या मुलाकडे बदलापूरला. डंक ताडपत्रीत गुंडाळून प्रशांतच्या मित्राच्या गाळ्यात ठेवला होता, मी अधूनमधून जाऊन त्याला तेल लावून यायचे. आणि मग एक दिवस प्रशांत पेढे घेऊन आला. नियम पक्के झाले होते. पिठाच्या गिरणीच्या पुढे लिहिलेलं, मसाला कांडप. मी त्याला तीनदा वाचायला लावलं. पहिला फोन नलूला केला. ती म्हणाली, बघितलंस, माझ्या तोंडान तुझो डंक वाचवल्यान. मी म्हटलं वाचवलास बाई, आता ये लवकर.

आता ही जागा तुम्ही बघताच आहात. टॉवरच्या खाली, फरशी, ट्यूबलाइट, सगळं छान. नियमात अट आहे, मशीन चालू असताना दार बंद हवं, आवाज बाहेर जाता कामा नये, धुरळा पंख्याने वर ओढून घ्यायचा. त्यांचं चुकलं नाही, लोक राहतात वरती, लहान बाळं आहेत. पण दार बंद केलं की डंक चाललाय हे कुणाला कळतच नाही हो. अंगण गेलं, तिथे गाड्या लागतात, मिरची वाळवायला जागा नाही. कामाला कमी नाही, खोटं कशाला बोलू, पण पिशवी ठेवतात नि जातात, आंटी, झालं की मेसेज टाका. कुणी बसत नाही. ते बाकडं मी हट्टाने आणलं चाळीतून, त्यावर आता पिशव्या बसतात. मला फार आठवण येते हो. कामाची नाही, काम आहेच, त्या कलकलाटाची. कधी कधी वाटतं कुणीतरी येऊन माझ्याशी चादरीवरून भांडावं.

नलूने आपली नवी खोली भाड्याने दिली. गुडघे गेले तिचे, उतरता येत नाही, चढता येत नाही. येतंय गो, येतंय, असं दोन मे महिने झाले म्हणतेय. परवा तिचा मुलगा आला, तिची मिरची घेऊन, देठं तिनेच मोडलेली, मी बघताच ओळखलं, ती थोडा देठ ठेवते, आळशी पहिल्यापासून. मसाला भाजला, उखळीत टाकला आणि तिला फोन लावून मोटरजवळ धरला. म्हटलं, ऐक.   चार ठोके ऐकले आणि म्हणाली, शालू, अजून जाडसर वाटता, आणखी एक फेरी घाल. मी घातली. मग विचारलं, झाला? तर म्हणाली, झालो. पण बंद करू नको गो. आयकत बसलंय मी.

मसाला डब्यात काढून झाला होता. उखळीत काही नव्हतं. ह्यांच्या फोटोकडे बघितलं आणि म्हटलं, आजच्या दिवस ओरडू नका. आणि चालू ठेवला तसाच रिकामा, ती बास म्हणेपर्यंत.