पुढच्या गावचा खोका

रस : ते पॅकिंग जरा थांबव. आधी ऐकून घे.

ग्लेनिस : ऐकतेय की. हात चालू असले म्हणून कान बंद होत नाहीत माझे. ती चिकटपट्टी सरकव इकडे.

रस : मघाशी मिसेस बाउअर म्हणून एका बाईंचा फोन आला होता. डोंगरातून चालत येणाऱ्यांना उतरायला जागा देतात त्या. बाबा त्यांच्याकडे राहिले होते.

ग्लेनिस : मागच्या गावच्या पोस्टात पाठवलेला खाण्याचा खोका मिळाला ना त्यांना? जाड मोजे घातले होते मी त्यात. पेनसिल्व्हेनियात नुसते दगड, बूट खातात म्हणे.

रस : मिळाला. पोस्टातून खोका घेतला, जेवले, झोपले, सकाळी निघाले. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत त्याच दारात. बाईंना म्हणाले, नमस्कार, मी वेंडल, ओहायोहून आलोय, रात्रीपुरती जागा मिळेल का?

ग्लेनिस : चेष्टा केली असेल. त्यांचा स्वभाव माहीत नाही का तुला?

रस : चेष्टा नव्हती. डोंगरावरच्या निवाऱ्यात झोपले आणि सकाळी उठून आल्या वाटेनेच उलटे चालत खाली आले.

ग्लेनिस : ते कुणाचंही होतं, रस. वाट दाखवणाऱ्या झाडांवरच्या पांढऱ्या खुणा जाताना-येताना सारख्याच दिसतात. एल्मरकाका त्यांच्याबरोबर चालत होते तेव्हा तेही एकदा असेच चुकले होते.

रस : एल्मरकाकांना गाव बघितल्यावर कळलं होतं. बाबा सरळ पोस्टात गेले आणि खोका मागितला. तिथला माणूस म्हणाला, तुम्ही कालच नेलात. तर त्याच्यावर ओरडले. आपले बाबा, ग्लेनिस. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करताना बोटावर हातोडा बसला तरी आवाज चढला नाही कधी त्यांचा. मग पोस्टाच्या पायरीवर बसून राहिले. बाईंनी त्यांची पाठपिशवी बघितली, तर खोका आतच होता. तुझी पट्टीसुद्धा काढलेली नव्हती.

ग्लेनिस : म्हणजे चढावर खाल्लं काय त्यांनी?

रस : ते त्यांनाही सांगता आलं नाही.

ग्लेनिस : आणि आता कुठे आहेत?

रस : वाटेवर. बाईंनी स्वतः वरपर्यंत नेऊन उत्तरेकडे तोंड करून सोडलं. फोन बंद आहे. एल्मरकाकांचा गुडघा गेला आणि ते परतले, तेव्हाच बाबांनाही आणायला हवं होतं. मी म्हणत होतो.

ग्लेनिस : तू म्हणत होतास. आणि डॉक्टर काय म्हणाले होते, ते आठवतंय? पुढच्या वर्षी ते एकटे घराबाहेर पडू शकणार नाहीत. मग जे काय चालायचं ते याच वर्षी ना? आयुष्यभर गाड्यांखाली उताणे पडून काढलं त्यांनी. पार उत्तरेच्या टोकाला, मेनपर्यंत चालत जायचंय, एवढंच मागितलं होतं.

रस : मेन दिसतं का तुला त्यांच्या नशिबात? खरं सांग.

ग्लेनिस : नाही.

रस : मग?

ग्लेनिस : मग तू सांग. खोके बंद करू? उपाशी ठेवून घरी आणायचं का त्यांना?

रस : नाही. हा पाठव. पुढचं गाव कुठलं?

ग्लेनिस : हॉलो फोर्ज.

रस : खोका तिथल्या पोस्टात पोचू दे. तो घ्यायला ते येतीलच. आपण गाडी घेऊन समोर थांबू.

ग्लेनिस : उंदराला पिंजरा लावतात तसं.

रस : तुला दुसरं काही सुचत असेल तर सांग. मी आत्ता ऐकतो.

ग्लेनिस : त्यांच्या ओटच्या वड्या संपल्यात. दुकान बंद व्हायच्या आत घेऊन ये. पुड्यावर मनुके बघून घे, चॉकलेटच्या आणू नकोस.

(हॉलो फोर्ज. टपाल कचेरीसमोर उभी असलेली गाडी.)

बाबा : अरे! तुम्ही दोघं इथे? कोण गेलं?

ग्लेनिस : कुणी नाही, बाबा. तुम्हाला भेटायला आलो.

बाबा : रसने कामावर सुट्टी काढली आणि तू त्याच्याबरोबर एवढा वेळ एका गाडीत बसलीस, म्हणजे नुसतं भेटायला नाही. बाउअरबाईंनी फोन केला ना?

रस : केला.

बाबा : मला वाटलंच. चांगल्या बाई आहेत. काळजी करतात.

ग्लेनिस : किती वाळलात हो! हा पॅन्टला दोर का बांधलाय?

बाबा : पट्ट्याची भोकं संपली. ग्लेनिस, मी उलटा गेलो होतो, ते मला कळलंय. पोस्टातल्या त्या पोराला बोललो तेही आठवतंय. आज सगळं आठवतंय. आज इंजिन एकदम सुरळीत आहे बघ. आजच्या दिवशी नका नेऊ मला.

ग्लेनिस : बाबा, मग कुठल्या दिवशी नेऊ?

रस : पिशवी द्या माझ्याकडे. जड आहे.

बाबा : थांब, मीच काढतो. तो बंद मागून अडकतो, तुला नाही जमायचं. हं. घे आता.

ग्लेनिस : बसा. पाय वर घ्या. अहो, बोटं बघा काय झालीत!

बाबा : दगड आहेत इथे फार. तू मोजे पाठवायला हवे होतेस.

ग्लेनिस : हो. राहून गेले.

बाबा : असू दे. हे बघा, मी ऐकतो तुमचं. थोडे दिवस घरी राहीन, अंगावर मांस चढू दे. मग इथूनच पुढे सुरू करायचं. रस, ही जागा नीट बघून ठेव. ते माझ्यावर सोडू नकोस.

रस : बघून ठेवली, बाबा.

बाबा : आणि पोस्टात माझा खोका आला असेल. तेवढा आणा कुणीतरी.

ग्लेनिस : आणलाय. हा काय. ओटच्या वड्या आहेत आत. भूक लागली असेल, उघडून देऊ?

बाबा : नको, राहू दे बांधलेला. पुन्हा पाठवायला बरा.