काकांची कोरी ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पाळकसाहेब, व्यासपीठावर बसलेले मंडळीचे चिटणीस आणि पंच, महिला मंडळाच्या अध्यक्षबाई, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती बाइंडरकाका, आणि पंख्याखाली जागा मिळाली म्हणून खूश असलेले व न मिळाल्यामुळे रुसलेले माझे बंधुभगिनी, सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

मला पाच मिनिटं दिली आहेत. काकांविषयी चार गोड शब्द बोल आणि खाली बस, असं चिटणीससाहेबांनी बजावलंय. प्रयत्न करतो. गोड बोलणं मला कितपत जमतं ते माझ्या कॉलेजला विचारा. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर आम्ही एकमेकांचा निरोप घेतला, आणि त्या निरोपाला हार, शाल, खुर्च्या असलं काही नव्हतं.

तिथून निघालो तो काकांच्या बाइंडिंगच्या दुकानात कामाला लागलो. दुकान कसलं, एक लांबट खोली, मधोमध टेबल, टेबलावर खळीचं भांडं आणि भिंतीला पुठ्ठ्यांच्या थप्प्या. आपली गीतांची पुस्तकं, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, आजीच्या काळातली बायबलं, सगळं काकांनी शिवलं. मघाशी वाचलेल्या मानपत्रात हे आलंच. त्यात जे आलं नाही ते मी सांगणार आहे.

आपल्या चर्चच्या दारातला वाचनाचा तक्ता सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुण्यांसाठी सांगतो. प्रत्येकाच्या नावापुढे बारा चौकोन. महिन्याचा वाटा वाचून झाला की पहिल्या रविवारी आपल्या हातानं खूण करायची. बारा खुणा म्हणजे वर्षात पवित्र शास्त्र पूर्ण. मग वर्धापनदिनी टाळ्या आणि सोनेरी कडांचं नवं बायबल. तक्ता लागून सहा वर्षं झाली. सहाही वर्षं काकांच्या नावापुढची ओळ कोरी. तीन वर्षांपूर्वी त्या कोऱ्या ओळीमुळे उपासनेतला शास्त्रपाठ त्यांच्याकडून काढून घेतला. स्वतः वाचत नाही त्यानं पुढे उभं राहून काय वाचायचं, असं ठरलं. काका पुढच्या रविवारी मागच्या बाकावर जाऊन बसले, आणि आपण सगळ्यांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

आणि माझी ओळ? भरगच्च. बाराच्या बारा.

त्या खुणा मी का केल्या? प्रेमात पडलो म्हणून. हसा, हरकत नाही. तिच्या वडिलांनी चहा पिता पिता मला ऐकवलं होतं की कॉलेज सोडलेला एक वेळ चालवून घेऊ, शास्त्र सोडलेला मात्र या घरात यायचा नाही. लगेच येणाऱ्या पहिल्या रविवारी मी तक्त्याजवळचं पेन उचललं. वाचन शून्य. पेन मात्र झकास चालायचं. तिचे वडील आज व्यासपीठावरच आहेत. चिटणीससाहेब, पाणी घ्या.

बक्षिसाचं बायबल मी वर्षभर काखेत मारून मिरवलं. घामानं, पावसानं त्याचा पुठ्ठा सुटला. दुरुस्तीला काकांच्या टेबलावर ठेवलं. आता बाइंडरला एक गोष्ट कळते जी पाळकांनाही कळत नाही. सोन्याचा मुलामा चढवताना पानांच्या कडा एकमेकींना धरून बसतात. प्रत्येक पान पहिल्यांदा उघडताना बारीकसा चर्र आवाज होतो. एकदाच होतो. काकांनी अंगठा फिरवला. चर्र, चर्र, चर्र. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. काका एवढंच म्हणाले, "बाहेरून म्हातारं झालंय, आतून अजून तान्हं आहे." आणि घड्या दाबायची हाडाची पट्टी माझ्या हातात दिली. पानं एकेक करून सोडवल्याशिवाय शिवणीला हात लावू देणार नाही म्हणाले.

रोज जेवणाच्या सुट्टीत मी पानं सोडवायला लागलो. आधी रागानं. मग पट्टी फिरवताना डोळे अक्षरांवर पडायला लागले, आणि वाचायला लागलो तेही रागानंच. म्हटलं, यात काहीतरी खोट शोधू आणि काकांच्या तोंडावर फेकू. सापडलं भलतंच. लहानपणापासून मला वाटायचं की शास्त्रातली माणसं हात जोडून, डोळे मिटून बसलेली असणार. ती तर देवाशी भांडतात. कुठे आहेस, किती वेळ झोपणार आहेस, असं तोंडावर विचारतात. कॉलेजात मी एक प्रश्न विचारला तर मला दार दाखवलं. इथे प्रश्न विचारणाऱ्यांची बोलणी जपून ठेवली आहेत, पानंच्या पानं. एक गडी तर एका मुलीसाठी सात वर्षं मेंढरं राखतो, आणि सासरा फसवतो म्हणून आणखी सात. ते पान मी तीनदा वाचलं. का, ते विचारू नका.

ही माणसं मला कोणी सांगितली नव्हती? सांगितली होती. प्रवचनात ऐकली होती, रविवारच्या शाळेत चित्रांत रंगवली होती. पाळकसाहेब, तुमचं प्रवचन उत्तम असतं, मी तुमच्या पाठीमागेही हेच म्हणतो. पण दुसऱ्यानं चावून दिलेल्या घासावर माणूस किती दिवस जगेल? रोज सकाळी मोबाइलवर गुलाबाच्या चित्राखाली एक वचन येतं. आपण जोडलेले हात पाठवतो आणि दात घासायला जातो. त्याला वाचन म्हणायचं? रागवा माझ्यावर. पण उत्तर द्या.

एक दिवस मीच काकांना डिवचलं. तुम्ही एवढे शहाणे, मग तुमची ओळ कोरी का? काका सुईत दोरा ओवत होते. म्हणाले, "खूण करायची म्हणजे झालं म्हणायचं. दर वर्षी कुठेतरी अडकतोच. या एका पानावर तर अकरा महिने अडकलोय. झालं कसं म्हणू?"

ते पान होतं भावाला क्षमा करण्याचं. काका, तुम्ही मान हलवताय ते दिसतंय मला. घरी गेल्यावर बोला हवं तेवढं, आज मी थांबणार नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात धाकटा भाऊ आला नाही, म्हणून काकांनी एकोणीस वर्षं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते तेच पान काढून बसायचे. वाचायचे, मिटायचे, चिडायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढचं पान सोपं होतं, उलटलं असतं तर कोणाला कळलं असतं? बाराव्या महिन्यात त्यांनी भावाला पत्र टाकलं. उत्तर भावजयीचं आलं. भावाची उजवी बाजू लुळी पडली आहे, बोलता येत नाही, पत्र मात्र उशाशी घेऊन झोपतात.

मानपत्रात लिहिलंय की दृष्टी मंदावल्यामुळे काका व्यवसायातून निवृत्त होत आहेत. काका आजही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात. ते दुकान बंद करून भावाला भरवायला, पुसायला, कुशीवर वळवायला चाललेत. आपण ज्याला न वाचणारा म्हणून मागच्या बाकावर बसवलं, त्या माणसानं काय वाचलं ते हे.

आता माझं. माझ्या भाषणानंतर चिटणीससाहेब दोन गोष्टी जाहीर करणार आहेत. पुढच्या वर्षापासून तक्ता माझ्याकडे. आणि त्यांच्या मुलीचं लग्न माझ्याशी. पहिलीच्या जोरावर दुसरी, हे त्यांनीच मला सांगितलं. मी कालपर्यंत गप्प होतो. गप्प राहिलो असतो तर सगळं मिळालं असतं. काल मी तिला खरं सांगितलं. ती रडली नाही की ओरडली नाही. म्हणाली, "उद्या तू सांगणार नसशील तर मी सांगेन, आणि मग तुझं तोंड बघणार नाही."

तेव्हा सांगतो. माझ्या बाराही खुणा खोट्या आहेत. नाव खोडा, बायबल परत घ्या, पण शिवणीचा धागा माझा आहे आणि आता त्यातलं एकही पान चिकटलेलं नाही. तक्ता मी घेणार नाही. माझं ऐकाल तर तो काढूनच टाका. वाचतोस का, असं तक्त्याला विचारू नका, माणसाला विचारा. आज सकाळी काय वाचलंस आणि त्यानं तुला कुठे टोचलं, एवढंच विचारा. मला विचाराल तर कधीही सांगेन. आज कुठे टोचलं ते तर सांगूनच झालं.

पाच मिनिटं केव्हाच उलटली. अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही, हे त्यांचे उपकार. काका, तुमचे आभार मानायला मी पात्र झालो की मानेन. खुर्च्या मांडणाऱ्यांचे, माइक सांभाळणाऱ्यांचे आणि शेवटपर्यंत उठून न गेलेल्या सर्वांचे आभार. आवाज चढला असेल, वडीलधाऱ्यांचा मान राहिला नसेल, तर लहान समजून पदरात घ्या. बोललो त्यातला एक शब्दही मात्र मागे घेत नाही.

चिटणीससाहेब, माइक घ्या. तुमचं जे उत्तर असेल ते द्या. मी खाली बसत नाही, इथेच उभा आहे.