जुर्मान्याचा झिरा

आमचं गाव कंधाराहून पाच कोसावर, मन्याड नदीच्या अलीकडं, आनि गावाच्या उशाला सरकारचा रमना. रमना म्हंजी शिकारीसाठी राखलेलं सरकारी रान, तिथं कुनी नांगर लावायचा न्हाई, कुराड चालवायची न्हाई. निजामाचं राज्य व्हतं तवाची गोष्ट सांगून राहिलो. मपल्या बापाचं शेत ह्या रमन्याला लागून, काळंभोर रान, पर जवारी हुरड्यात आली की हरनं उतरायची, कळपच्या कळप, आनि सकाळी जाऊन बगावं तर नुसती धाटं उभी. म्या हरनाच्या नावानं बोटं मोडतच लहानाचा मोठा झालो. गोफन झाली, कुत्री झाली, डबे वाजवून झाले. आनि मपला चुलता, दाजीकाका म्हनायचो आमी त्याला, त्याच्यावानी फासे लावनारा तर पंचक्रोशीत नव्हता. घोड्याच्या शेपटीच्या केसाचे फासे वळायचा, बांधाला लावायचा, मानसाला दिसायचे न्हाईत तर हरनाला काय दिसनार. फाशात नर घावला काय, मादी घावली काय, पाडस घावलं काय, काकाला समदं सारखंच.

आनि असल्या घरातला म्या रमन्याचा राखनदार झालो, आता बोला.

झालं काय, कंधाराला नवे अमीनसायब आले, जंगल खात्याचे. उंच, काटकुळा मानूस, घोड्यावर बसला की घोड्याची दया यायची. ते गावात आले, पारावर बसले, चहा न्हाई पानी न्हाई, सरळ बोलायला लागले. म्हनले, आता रमन्यात फुकट शिकार बंद. ज्याला शिकार करायची त्यानं कंधाराला फी भरायची, चिठ्ठी घ्यायची. एका चिठ्ठीवर एक काळवीट, शिंगाचा नर, मादीला हात लावायचा न्हाई. आनि त्या फीतून रमन्यात पान्याचे झिरे खंदायचे, गवत राखायचं, राखनदाराला पगार द्यायचा. हरनाला आतच चारापानी मिळालं तर ते तुमच्या जवारीत मरायला कशाला येईल. तुमी फक्त फासे सोडा. लोक हसले ओ. हरनं मारायची फी घ्यायची आनि त्याच फीत हरनं पाळायची, हे म्हंजी लांडग्याला मेंढरं राखायला ठिवल्यावानी झालं की. काका तेवढा हसला न्हाई. त्यानं इचारलं, सायब, आमी फासे सोडले आनि तुमच्या बंदुकवाल्यानं मादी मारली तर. अमीनसायब म्हनले, तर फासे परत घे, म्या अडवनार न्हाई.

काका उठला, घरी गेला, फाशाचं गाठोडं घिऊन आला. सायबानं इचारलं हरनाची पारख कुनाला हाय, तर समद्यांनी मपल्याकडं बोट दाखवलं, कारन हरनाला शिव्या देनाऱ्यात म्या पयला. तवा काकानं ते गाठोडं मपल्याच हातात दिलं आनि म्हनला, संभाळ. हे फासे न्हाईत, ही साऱ्या गावाची जवारी हाय. म्या म्हनलं, संभाळतो.

मग काय, खाकी कोट आला, पितळी बिल्ला आला. मपली बायको गया तो बिल्ला राखुंडीनं घासून द्यायची, इतका चमकायचा की हरनं लांबूनच पळायची, मग म्या तो खिशात ठिवायला लागलो. मपलं काम काय, तर शिकाऱ्याला घिऊन रमन्यात जायचं, पुढं म्या, मागं तो. गवत गळ्याइतकं, शिकाऱ्याला बराबर दिसायचं न्हाई, म्हनून इशारा ठरल्याला. शिंगाचा नर मोकळा दिसला की म्या खांद्यावरचं घोंगडं खाली टाकायचं, घोंगडं पडलं की त्यानं बार काढायचा. जनावर पडलं की त्याचा उजवा कान कापायचा आनि चिठ्ठीसंगं कंधाराला नेऊन द्यायचा. जितक्या चिठ्ठ्या तितके कान. कमी न्हाई, जास्त न्हाई.

आनि खरं सांगतो, पयल्याच उन्हाळ्यात फरक दिसला. नाल्यात झिरा खंदला व्हता, म्हंजी नाल्याच्या वाळूत खड्डा, त्यात पानी पाझरून साचतं, त्याच्यावर कळप येऊन राहायला लागला. फुडल्या साली जवारी अशी आली की गयाला दाने भरायला कनगी कमी पडली. जे हसल्ते ते मलाच राम राम घालायला लागले. म्या बी जरा फुगलो व्हतो, लपवत न्हाई.

मग ती चूक झाली.

संक्रांत होऊन गेल्ती, सकाळचा गारठा. एक वकीलसाहेब शिकारीला आल्ते, चांगला मानूस, चिठ्ठी बराबर, बोलनं गोड. आमी नाल्याच्या कडंनं निघालो. त्या वाटंवर आमच्या म्हसोबाचा दगड हाय. आमच्याकडची रीत अशी की म्हसोबाच्या म्होरून जाताना खांद्यावर काय बी असू द्या, घोंगडं म्हना, नांगर म्हना, खाली ठिवायचं, हात जोडायचे, मगच फुडं. त्या वाटंनं शिकाऱ्याला म्या कधी नेलंच नव्हतं, त्या दिशी जवळ पडंल म्हनून नेलं. ध्यान सारं हरनात, हात आपले सवयीचे. दगड दिसला, म्या घोंगडं खाली ठिवलं, हात जोडले, आनि मागून धाडकन बार.

फुडं गवतात तपकिरी पाठ दिसली व्हती वकिलाला. घोंगडं पडलं, त्यानं ओढला बंदुकीचा घोडा. त्याची काय चूक. जाऊन बगतो तर मादी. आनि गाभन. मपले जोडलेले हात तसेच राहिले. काय सांगू तुमाला, लहानपनापासून ज्यांच्या नावानं बोटं मोडली त्यांच्यातलीच एक, पर मला रडू आलं. आपल्या हातानं झालं म्हनून आलं.

वकील बी घाबरला. मग म्हनला, केरबा, कान काप. कान नराचा का मादीचा कोन वळखतंय. चिठ्ठी एक, कान एक, हिशेब मिटला. तुझी नोकरी ऱ्हाईल, मपली अब्रू ऱ्हाईल. आनि म्या कापला ओ कान. खोटं कशाला बोलू. पळसाच्या पानात गुंडाळला, कोटाच्या खिशात टाकला, आनि कंधाराची वाट धरली.

गावाच्या शिवंवर दाजीकाका भेटला. हाताला रक्त, बोराटीच्या काट्यांनी वरबाडल्यालं. इचारलं काय झालं काका, तर हसत म्हनला, पोरा, आज नवल झालं. एक मादी माझ्या काट्याच्या कुपाटीत अडकून बसल्ती. दोन साल आधी असती तर रातच्याला कालवन झालं असतं. म्या काटे तोडले, तिला सोडली. लाथ मारून गेली बग रांड, आनि वर म्याच हसलो. तुझ्या शब्दाखातर सोडली.

आता सांगा, खिशात कान, आनि समोर हा मानूस. म्या पान उलगडलं, त्याच्याम्होरं धरलं, समदं सांगितलं. काकानं पान परत गुंडाळून मपल्या हातात दिलं. मग म्हनला, अमीनाला सांगायचं का न्हाई ते तुझं तू बग. तू न्हाई सांगितलंस तर म्या बी कुनाला सांगनार न्हाई. पर मग माझे फासे मला परत दे.

बस, इतकंच. आनि चालायला लागला.

म्या कंधाराला गेलो. सायबाच्या मेजावर कान ठिवला, बिल्ला काढून त्याच्या शेजारी ठिवला, आनि सांगितलं, हा कान मादीचा हाय, वकिलाचा गुन्हा न्हाई, घोंगडं म्या टाकलं. सायबानं ऐकून घेतलं, म्हसोबाचं इचारलं, दोनदा इचारलं. मला वाटलं आता चाबूक. सायब म्हनले, सच बोला, इसलिए नौकरी रहेगी. मगर जुर्माना भरना पडेगा. म्या म्हनलं, सायब, पैका कुठला. ते म्हनले, पैका कोन मागतो. तिच्या कळपाला पानी दे. रमन्याच्या वरल्या अंगाला झिरा न्हाई, तिथं तू एकट्यानं खंद, पानी लागंपर्यंत. सरकारी मजूर मिळनार न्हाई. आनि बिल्ला परत लावून दिला त्यांनी, मपल्या छातीवर, स्वतःच्या हातानं. वकिलानं मागून आपन होऊन दुसरी फी भरली म्हनं, पर फुडं शिकारीला कधी आला न्हाई.

वरल्या अंगाला नुसता मुरूम, खाली खडक. एक उन्हाळा गेला, पानी न्हाई. लोक म्हनायचे, सायबानं मुद्दाम कोरडी जागा दिली. गया भाकर घिऊन यायची, आनि माती उपसून टाकायची. म्या म्हनायचो जुर्माना मला हाय, तुला न्हाई, तर म्हनायची, बिल्ला घासताना इचारलं का, कुनाचा हाय म्हनून. दुसऱ्या चैत्रात काका आला, खांद्यावर पहार. म्या म्हनलं काका, एकट्यानं खंदायचं हाय. काका म्हनला, सरकारी मजूर नको म्हनले, चुलता नको म्हनले न्हाईत. तिसऱ्या दिशी पहारीखाली वल लागली. मुठीएवढं पानी. काकानं बोट बुडवलं आनि मपल्या कपाळाला लावलं.

पुढं राज्य गेलं, चिठ्ठ्या गेल्या, अमीनसायब कुठं गेले कळलं न्हाई, शिकारीला बी बंदी आली, बरंच झालं. निम्मा रमना शेतीला वाटला. हरनं थोडी हायेत, पर हायेत. काका जाऊन लई सालं झाली. त्याचे फासे बगा, ते तिकडं खुंटीला. शेवटपर्यंत त्यानं परत मागितले न्हाईत.

गया आनि म्या दोघं बरे हाओत, पोरं लातूरला, दोन घास सुखाचे हायेत, अजून काय पायजे. पर दर पावसाळ्यात झिरा गाळानं भरतो, आनि दर चैत्रात म्या खोरं घिऊन जातो. पोरं म्हनत्यात, बाबा, आता वय झालं, राज्य गेलं, अमीन गेला, कुनाचा जुर्माना भरून राहिलात. म्या म्हनतो, सायब म्हनले व्हते, पानी लागंपर्यंत खंद. गाळ काढला की दर साली पानी नव्यानं लागतं, त्याला म्या काय करू. तुमी बी या की चैत्रात. येताना म्हसोबापाशी हात जोडा, मग वर दगडाआड गुपचूप बसा. ऊन कललं की माद्या येत्यात, पाडसं घिऊन. देव तुमचं बी असंच बरं करो.