चालीचं माहेरपण

मंडळी, नमन झालं. आता एक प्रश्न विचारते, उत्तराची घाई करू नका. एकदा देऊन टाकलेली वस्तू पुन्हा देता येते का?

मागे कुणीतरी हसलं. लग्नात आलेलं भिंतीवरचं घड्याळ आठवलं ना? ते देता येतं, खरं आहे. आमच्या गावात असं एक घड्याळ लग्नालग्नांतून फिरून मूळ मालकाच्याच घरी परत आलं, वरच्या चकचकीत कागदासकट. ते सोडा. मी हरिश्चंद्राचं विचारते. राज्य देऊन बसला, आणि विश्वामित्र म्हणाले, दक्षिणा राहिली. आता कशातून देणार? खजिना दिलेला, महाल दिलेला. मनात द्यायचं आहे, पण द्यायला स्वतःचं काही उरलेलं नाही. याच्याहून मोठं दारिद्र्य कोणतं?

आजचं आख्यान मात्र हरिश्चंद्राचं नाही. माझ्या वडिलांचं आहे. त्र्यंबक केळुसकर, गावाचे पेटीमास्तर. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांना जाऊन वर्ष झालं, आणि त्या निमित्तानं तुम्ही मला इथे उभं केलंत. तेव्हा ऐका.

तरुणपणी अण्णा मुंबईत नाटकांना चाली देत. त्यातल्या काही रेडिओवर गाजल्या. त्या वेळी ते एका संस्थेचे सभासद झाले. ही संस्था काय करते? गाणं कुठेही वाजो, रेडिओवर, हॉटेलात, आता फोनवर, वाजवणाऱ्याकडून मोबदला गोळा करायचा आणि ज्यानं चाल बांधली त्याच्या घरी पोचवायचा. चांगलं काम आहे, मंडळी. आईच्या आजारपणात आमच्या घरी औषधं आली ती त्याच मोबदल्यातून. अण्णा ते कधी विसरले नाहीत. पण सभासद होताना त्यांनी एका वाक्याखाली सही केली होती: आजवर केलेल्या आणि पुढे होणाऱ्या सर्व चाली संस्थेला दिल्या आहेत.

पुढे होणाऱ्या! अजून जन्म नाही, बारसं नाही, आणि देऊन झाली. पंचविशीतला माणूस. त्याला काय वाटणार, म्हातारपणी कुठली चाल सुचायची आहे?

सुचली. आई गेली त्यानंतर. अण्णा बरेच दिवस पेटीला शिवले नव्हते. मग एका सकाळी भाता हलला, आणि शब्दांसकट चाल आली:

विहिरीचे पाणी । तिचे ना उरले ।
ज्याचे त्याने नेले । घागरीत ॥

मला म्हणाले, "शरयू, ही फोनवर अशी ठेव की ज्याला हवी त्यानं घ्यावी. पैसे नकोत. विचारायलाही येऊ नये."

मी ठेवली. त्यांच्या थकलेल्या आवाजात, मध्ये एकदा खोकले आहेत तेही तसंच. गावातल्या महिला भजनी मंडळाच्या शेवंताकाकू दारात आल्या. "मास्तर, आम्ही म्हटली तर चालेल?" अण्णा म्हणाले, "तुमच्यासाठीच तर वाढून ठेवलीय." काकूंच्या बायकांनी ती देवळात म्हटली, कुणाच्या तरी सुनेनं चित्रण करून इंटरनेटवर टाकली. पलीकडच्या गावांत पोचली. गोव्यातल्या एका मंडळानं तर आपला ठेका लावून म्हटली. अण्णा ऐकायचे आणि म्हणायचे, "ठेका चुकलाय. पण घागर भरलीय."

आता चूक ऐका. अण्णांची एक सवय होती. नवी चाल झाली की संस्थेला कळवायचं. कागदाच्या धाकानं नव्हे. बाळ झालं की आजोळी कळवतात ना, तसं. ही चालही त्यांनी कळवली. आणि संस्थेचं यंत्र आहे, ते इंटरनेटवर चाली हुडकत फिरतं. त्याला काकूंच्या चित्रणात ती चाल सापडली. परवानगी सापडली नाही.

एके दिवशी चित्रणातला आवाज गेला. बायका दिसतात, टाळ हलतात, तोंडं उघडतात — आवाज नाही. खाली लिहिलेलं, हक्क त्र्यंबक केळुसकर यांचे.

काकू आल्या. ओट्यावर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"मास्तर, द्यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं. वाढलेलं ताट ओढून कशाला घेतलंत?"

"काकू, मी नाही—"

"तुमचंच नाव आहे खाली. आम्हाला वाचता येतं."

आणि गेल्या. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. दान दिलं नाही तर माणूस कंजूष ठरतो. देऊन परत घेतलं तर काय ठरतो, मंडळी?

आम्ही मुंबईला संस्थेच्या कचेरीत गेलो. तिथल्या अधिकारी शमीम मुल्ला. तरुण, कामात बुडालेल्या, पण त्यांनी आधी अण्णांना पाणी दिलं.

"काका, यंत्राची चूक नाही. चाल तुम्ही आम्हाला दिलीत. आता ती फुकट वाटायचा अधिकार तुमच्याकडे राहिला नाही."

"माझी मी बांधलेली?"

"तुमचीच. पण दिलेली."

अण्णा हसले. "दिली, खरं आहे. ही बघा, माझी मुलगी. हिलाही राजापुरात दिली. दिली म्हणून तिनं माझ्या ओट्यावर बसू नये, असं कुठे ठरलं होतं?"

शमीमबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मला मिरजेहून इथे दिलीय." मग कागद पुढे ओढून, "संस्था सोडलीत तर सगळ्या चाली परत मिळतील. एकच चाल सोडवायची सोय नाही आमच्याकडे."

मी म्हटलं, "अण्णा, सोडा की मग."

"नाही." इतकं स्वच्छ ‘नाही’ मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलं. "तुझ्या आईच्या उशाशी जे औषध होतं ते यांनी पोचवलं. व्याह्यांशी भांडून लेक परत आणायची नाही मला. चार दिवस माहेरी येऊ द्या, एवढंच म्हणतोय."

शमीमबाई म्हणाल्या, "मी संचालकांच्या बैठकीत मांडते. वचन देत नाही."

पावसाळा गेला, दिवाळी गेली. अण्णा अंथरुणाला खिळले. दुखत काय होतं, हे त्यांनी डॉक्टरांना कधी नीट सांगितलं नाही. मला मात्र रोज एकच विचारायचे, "काकू आल्या होत्या का?" मी काकूंकडे गेले, सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, "कागदाचं मला कळत नाही, बाई. आवाज आला की येईन." त्यांचंही चुकलं नाही. फसवल्यासारखं वाटलं होतं त्यांना, आणि शब्दांवरचा विश्वास एकदा उडाला की शब्दांनी परत येत नाही.

अण्णा गेले. दिवसकार्य उरकत होतं, तेव्हा फोन वाजला.

"काका आहेत का?"

मी सांगितलं.

मग शमीमबाई म्हणाल्या, "बैठकीत मंजूर झालं. पैसे न घेता कुणी म्हटली तर अडवायचं नाही. त्यांच्याच चालीला नाही, कुठल्याही सभासदानं सांगितलं तर त्याच्या चालीला. नियमाचं नाव लांबलचक आहे. आम्ही कचेरीत त्याला माहेरपण म्हणतो."

संध्याकाळी काकूंच्या घरी चित्रण लावलं. टाळ वाजले. बायकांचा आवाज आला. काकू पदर तोंडाशी धरून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांना कळलं असेल का गं?"

मंडळी, मी कीर्तनकार आहे. कळलं असेल, देवाघरी सगळं कळतं, हे म्हणायची मला सवय आहे. त्या संध्याकाळी म्हटलं नाही. काकूंना खोटा दिलासा चालत नाही, हे अण्णांना ठाऊक होतं, मलाही आहे. मग काकूंनीच चाल धरली.

तर माझ्या प्रश्नाचं उत्तर. दिलेली वस्तू पुन्हा देता येते. देणाऱ्यानं हक्काची मूठ सोडायला हवी, आणि घेणाऱ्यानं दाराची कडी. दोघांपैकी एक जरी अडून बसला तरी माणसं दिसतात, तोंडं उघडतात, आवाज येत नाही. तुमच्या घरी असं कोण आहे? दिलेली लेक, दत्तक दिलेला भाऊ, एकदा दिलेला आणि मग धरून ठेवलेला शब्द. मला सांगू नका. घरी जाऊन कडी बघा.

मी राजापूरला परत निघायची तेव्हा अण्णा ओट्यावरून म्हणायचे, "दार लोटून ठेवतो, कडी घालत नाही." त्या घराला आता कुलूप आहे, किल्ली माझ्याजवळ असते. आत जाऊन करायचं काय, ते अजून कळलेलं नाही. पण चाल बाहेर आहे. तिला कुलूप नाही.

पेटी धरा. अण्णांचा सूर खालचा होता, आपण आपल्याला झेपेल त्यात म्हणू. ठेका चुकला तरी हरकत नाही. पहिली ओळ मी म्हणते. घागर तुमची.