डाव्या बाजूचा पिवळा दिवा

नाही नाही, असं नाही उघडायचं ते दार — आधी थोडं वर उचला, मग ओढा — हां, उघडलं बघा. बसा. निर्धास्त बसा हो बाई, सीट फाटकी दिसते पण सकाळीच झाडलीय मी. किल्ली आतच आहे. आमच्याकडे किल्ली काढून ठेवत नाही कोणी — चोरणार कोण, आणि चोरून जाणार कुठे? पुढच्या वीस मैलांत जो भेटेल तो विचारेल ना, डेलमारची गाडी तुझ्याकडे कशी म्हणून. डेलमार म्हणजे मी. डेलमार क्राउस. जाहिरातीत नाव घातलं नव्हतं, ठाऊक आहे मला, नुसता फोन नंबर होता. आणि जाहिरात ओमाहाच्या पेपरात दिली, इथल्या नाही, कारण इथली माणसं — घासाघीस फार करतात हो. दुसरं काही नाही. तुम्ही ओमाहाच्या ना? फोनवर म्हणालात तसं. झालं तर मग. पाच तासांचा रस्ता आहे, पण ही नेईल तुम्हाला. अठ्ठ्याहत्तर सालची, नवी कोरी घेतली होती, आमच्या लग्नाच्या वर्षी. आर्डिथ म्हणते, माझ्यापेक्षा तिलाच जास्त सांभाळलंस. आर्डिथ म्हणजे बायको माझी. आत आहे, सफरचंदाचा गोड पाय भाजतेय वाटतं भट्टीत, वास येतोय.

आता खोड्या सांगून टाकतो, मागाहून शब्द नको. तिसरा गिअर सुटतो, गुडघ्याने धरून ठेवावा लागतो. तुमच्या बाजूची काच अर्ध्यावरच थांबते. पायाखाली भोक आहे, त्यातून रस्ता दिसतो — हसू नका, वाळूचा रस्ता कुठला नि डांबराचा कुठला हे खाली बघून कळतं. बाकी तक्रार नाही. एकदाही वाटेत टाकलं नाही हिने मला, एकदाही नाही. हीटर? हीटर झकास. शून्याखाली वीस असू दे, जाकीट काढून बसावं लागतं आत. हीटर... हो. हीटर चांगला आहे. राहू दे, हीटरचं झालं सांगून.

मग विकायची कशाला, असंच ना? सगळे तेच विचारतात. डीलरकडे ती नवी बघितलीय मी — पांढरी, चार दारांची, सीटसुद्धा खालून गरम होते, म्हाताऱ्याच्या बुडाला आणखी काय पाहिजे! आर्डिथला दाखवायला नेलं तर म्हणाली, गाडी घेतोयस की फ्रिज? तीनदा गेलो. तीनदा पेन हातात घेतलं आणि काहीतरी निमित्त काढून परत आलो. शुक्रवारी शेवटचं सांगायचंय त्याला. पांढरी का, म्हणाल — तर पांढऱ्या सगळ्या सारख्या दिसतात. या तालुक्यात तीनशे तरी असतील. लांबून येताना दिसली तर कोण आहे आत ते कळायलाच नको. म्हणजे धूळ दिसत नाही हो पांढऱ्यावर, असं म्हणायचं होतं मला.

तुम्ही येताना रस्त्यात कोणी हात केला का तुम्हाला? केलाच असणार. एक बोट फक्त, स्टिअरिंगवरचं, असं उचलतात — झाला नमस्कार. इथली रीत आहे ती. ओळख असो नसो, समोरून गाडी आली की बोट वर. भांडण असलं तरी वर. नाही उचललं, तर दुसऱ्या दिवशी गावात चौकशी सुरू होते, डेलमारकडे कोणी आजारी आहे का म्हणून. आणि वादळात कोणी रस्त्यावर दिसलं तर थांबायचं. ते तर कोणी शिकवतसुद्धा नाही, चमच्याने खायला शिकतो तसं येतं ते माणसाला. शत्रू असला तरी थांबायचं, घालायचा आत, वाटेत एक शब्द बोलू नका पाहिजे तर, पण...

काय लागलं पायाला? सीटखाली? नका काढू ते — अहो राहू द्या म्हटलं ना — बरं. काढलंत. पोत्यात गुंडाळलेला दिवा आहे तो, दुसरं काही नाही. पुढचा, डाव्या बाजूचा. पिवळा दिसतोय कारण तो मूळचा या गाडीचा नाहीच, जुन्या ट्रॅक्टरचा आहे. हरणाने धडक देऊन डावा फोडला, तेव्हा हाताशी होता तो ठोकून दिला मी. म्हटलं चार दिवस चालेल. एकोणीस वर्षं चालला! एक डोळा पांढरा, एक पिवळा, आणि पिवळा थोडा तिरका, कुंपणाकडे बघणारा. सगळ्या तालुक्यात माहीत — धुकं असो, बर्फ असो, एक पांढरा एक पिवळा दिसला की डेलमार आला. पोरंटोरं चिडवायची, काणा आला काणा आला. मजा वाटायची मला.

मग बदलला का? बिघडला नाही हो. अजून लागेल लावला तर.

तुम्ही ओमाहाला जाणार, नाही का? पुन्हा काही आपली गाठ पडायची नाही. मग सांगायला काय हरकत आहे. आर्डिथला नाही सांगितलं कधी, पाद्रीबाबांनाही नाही, आठ वर्षं झाली. आमच्या पलीकडचं रान लेलंड स्वोबोडाचं. त्याचा बैल कुंपण तोडून माझ्या कालवडींत शिरला. मी म्हटलं कुंपण तुझ्या बाजूनं सडलंय, तो म्हणाला तुझ्या बाजूनं, आणि चर्चच्या जेवणात, सगळ्यांदेखत, हातात सूपाचा वाडगा धरून आम्ही दोघं घोडे एकमेकांच्या बापापर्यंत गेलो. दोन वर्षं बोलणं बंद. बोट मात्र उचलत होतो हां, दोघंही. आणि मग ते मार्चमधलं वादळ आलं. मार्चमध्ये आमच्या गाई वितात, बाई, त्या वेळी बर्फ आला की धावाधाव असते. लांबच्या रानात एक वासरू पडलेलं सापडलं मला, नुकतं जन्मलेलं, ओलं, कान गोठायला लागलेले. उचललं आणि इथे, तुमच्या शेजारी या सीटवर घातलं, हीटर पूर्ण लावला, आणि घराकडे निघालो. दुपारचे तीन असतील, पण पुढचं काही दिसत नव्हतं, नुसतं पांढरं. त्यात रस्त्याच्या कडेला लेलंडची गाडी दिसली, चरात नाक खुपसून पडलेली. आणि तो. उभा. हात हलवत होता.

मला दिसला. दिसला नाही असं आठ वर्षं स्वतःला सांगून बघितलं, पण दिसला मला चांगला. त्याची ती लाल टोपी, कानावरची. मी वेग कमी केला — हेच तर जास्त वाईट आहे, पाय ब्रेकवर ठेवला होता मी. गाडी जवळजवळ थांबली. तो दोन पावलं पुढे आला. आणि माझ्या डोक्यात काय आलं असेल? तो सूपाचा वाडगा. म्हटलं, आता दार उघडून हा आत येणार, आणि मला म्हणावं लागणार, ये बाबा. तेवढं म्हणायचं होतं फक्त. ये बाबा. आणि माझा पाय उचलला गेला ब्रेकवरून. वासरू मरेल म्हटलं थांबलो तर. मागून कोणीतरी येईल म्हटलं. त्या वादळात कोण येणार होतं मागून? जाकीट काढून बसलो होतो मी, बाई. घाम आला होता मला.

वासरू जगलं. त्याची मोठी गाय झाली पुढे, चांगली.

तो? तो चालत गेला. अडीच मैल. वाट दिसत नव्हती तर कुंपणाची तार धरून गेला — कुठलं कुंपण, विचारा मला. तेच. ज्याच्यावरून भांडलो ते. काटेरी तार, हातमोजा फाटला, तरी हात सोडला नाही, सोडला असता तर मेलाच असता. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली दवाखान्यात. अंगठ्याजवळची दोन. म्हणजे नमस्काराचंच बोट गेलं की हो.

आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी सकाळी, रस्ता मोकळा व्हायच्या आत, गोठ्यात जाऊन दिवा बदलला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. लेलंडच्या बायकोने फोनवर आर्डिथला सांगितलं, एक गाडी थांबता थांबता निघून गेली म्हणे. कोणाची ते नाही सांगितलं. आर्डिथ आमची तळतळली, कोण मेला माणूस असेल तो, त्याला रात्री झोप कशी लागत असेल. मी शेजारी बसून बटाटे सोलत होतो. मग लेलंड दवाखान्यातून घरी आल्यावर हिने बटाट्याचं काहीतरी भाजून घेतलं, म्हणाली चल, भांडण गेलं खड्ड्यात. घेऊन गेलो. ती आत गेली, मी गाडीतच बसलो, इंजिन चालू ठेवून, म्हटलं बॅटरीचं काम निघालंय, बंद केली तर चालू व्हायची नाही. तर तो बाहेर आला. हाताला हे एवढं बँडेज. गाडीच्या पुढून सावकाश फिरला, या काचेशी आला, अर्ध्यावर थांबते ना ती काच, त्यावरून आत बघितलं, आणि म्हणाला — “दिवा बदललास वाटतं, डेलमार. बरं केलंस. आता दिसेल रस्त्यावरचं.”

एवढंच. नंतर आजपर्यंत त्यातलं अक्षर नाही. कोणाला सांगितलं नाही त्याने, सांगितलं असतं तर मला कळलं असतं, इथे काही लपत नाही. शिव्या घालायच्या होत्या. दात पाडायचे होते माझे, गपगुमान पाडून घेतले असते. पण तो रोज जातो इथून, चारच्या सुमाराला, कोपऱ्यावर आमच्या चार घरांच्या टपालपेट्या आहेत तिथे — आणि ही गाडी दिसली की हात करतो. बोट नाही ना, म्हणून अख्खा पंजा उचलतो. तीन बोटांचा. मेल्याहून मेल्यासारखं होतं, बाई. टपाल आणायलासुद्धा मी दुसऱ्या दिवशी सकाळी जातो, शिळं आणतो, का तर गाठ पडायला नको. म्हणून ती पांढरी. कोण आहे आत ते कळणार नाही त्याला, हात करायचा तर करेल, पण मला म्हणून नाही करणार. आणि ही ओमाहाला जाईल, सुंठीवाचून खोकला गेला. लाज वाटते सांगायला, पण सत्तरीच्या माणसाचा बेत हा आहे.

काय म्हणालात? ओमाहाला नाही नेणार? मग? कुठल्या शाळेत — इथल्या? नवीन मास्तरीणबाई येणार म्हणत होते त्या तुम्ही? अहो मग आधी नाही का सांगायचं! तुम्ही ओमाहाच्या म्हणालात. होतात. हो, ‘ओमाहाची होते’ म्हणालात, मीच नीट ऐकलं नाही. तरीच म्हटलं, शहरातल्या बाईला कशाला पाहिजे ही. आणि राहणार कुठे? कोपऱ्यावरचं घर? पेट्यांसमोरचं? अरे देवा. म्हणजे ही गाडी याच रस्त्यावर फिरणार, रोज. तुमच्या शाळेत लेलंडची नात आहे, ठाऊक आहे का? लहान केसांची. तिच्यासमोर... नाही, तुम्ही नाही सांगणार. चेहऱ्यावरून नाही वाटत. पण तुम्हाला कळलं ना आता.

थांबा. धूळ दिसतेय तिकडे. चार वाजले का? तोच आहे. हॉर्न नका वाजवू, काही नका करू, बसून राहा तशाच, मी इकडे मागच्या बाजूला — जाईल तो, एक मिनिट. बघतोय का इकडे? बघतोय. केला हात?

तुम्हीपण केलात? नाही, तुमचं काय चुकलं, तुम्ही केला ते बरोबरच केलंत, समोरून कोणी केला तर करायचाच. पण बाई, तो तुम्हाला नव्हता. या गाडीला होता. म्हणजे मला. आणि मी इथे चाकामागे वाकून उभा आहे, लपूनछपून, हे असं, पोरासारखा. आता रोज तुम्हाला करेल तो, आणि तुम्ही रोज हसून कराल परत, आणि मी त्या फ्रिजमध्ये बसून लांबून बघेन.

उतरा. नाही, विकायची नाही. आलात त्याबद्दल माफ करा, आत जा, आर्डिथ सफरचंदाचा पाय देईल खायला, गरम आहे, तिला म्हणावं डेलमार येतोच. काय झालं विचारलं तर सांगा, तो टपाल आणायला गेलाय. दार आधी वर उचला, मग ढकला. दिवा राहू द्या सीटवरच, न्यायचाय मला तो. उतरा हो बाई, लवकर उतरा. पेटीतली पत्रं काढायला वेळ लागतो त्याला हल्ली, पण असा किती लागणार?