परत गेलो तर

तसाबीह : पुन्हा म्हण, युम्मा. ‘इफ वुई गो बॅक...’ आपण परत गेलो तर. पुढे?

इब्तिहाल : तर... घराला रंग द्यावा लागेल.

तसाबीह : युम्मा! उद्या वकिलातीतली बाई रंगाचं विचारणार आहे का?

इब्तिहाल : तूच म्हणालीस, वाक्य बरोबर झालं म्हणजे पुरे.

तसाबीह : ते मी ‘पाऊस पडला तर’ हे वाक्य शिकवताना म्हणाले. उद्या ती विचारेल, सुदानला परत गेलात तर तुमच्या मुलाचं, मुजम्मिलचं काय होईल? काय सांगशील?

इब्तिहाल : वाईट लांब राहो!

तसाबीह : हे काय उत्तर झालं? गेल्या खेपेला दुभाष्या होता, तेव्हाही ‘थोडा त्रास होईल’ म्हणालीस. थोडा! तिथंच आपला आश्रयाचा अर्ज बारगळला. अजून किती दिवस कैरोत लपून काढायचे?

इब्तिहाल : पोटच्या पोराचं मरण तोंडानं बोलू? वरून फरिश्ते जात असतात. ‘आमीन’ म्हणून मोकळे होतात ते.

तसाबीह : फरिश्त्यांना इंग्रजी येत नाही, असं समज.

इब्तिहाल : थट्टा करू नकोस. तुझा बाप भाकरी आणायला निघाला, तेव्हा मी म्हणाले होते, आज बाहेर पडलात तर परत यायचे नाहीत. भीतीनं म्हणाले गं. आला का?

तसाबीह : त्यांना गोळी लागली, युम्मा. तुझं बोलणं नाही लागलं.

इब्तिहाल : तुला काय माहीत काय लागलं ते!

मुजम्मिल : (दारातून) जिन्यापर्यंत आवाज येतोय. उद्या मीच सांगतो. त्या बंदूकवाल्यांच्या छावणीतून पळालो मी, तुम्ही नाही. ‘इफ आय गो बॅक, दे विल शूट मी.’ परत गेलो तर गोळी घालतील. संपलं!

इब्तिहाल : थोबाड बंद कर! मागे घे ते. घे म्हणते ना!

मुजम्मिल : कसं घेऊ? खरंच आहे.

इब्तिहाल : तुझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं रे.

मुजम्मिल : मलाही भीती वाटते, युम्मा. रोज वाटते. पण आपण गप्प बसलो तर इथले पोलीस खरंच परत पाठवतील.

इब्तिहाल : तसाबीह... ती बाई याला बोलू देईल?

तसाबीह : देईल. मोठा झालाय आता तो.

इब्तिहाल : मग म्हण, बाळा. पण माझा हात धरून म्हण. आणि म्हणून झालं की लगेच सोडू नकोस.