दुपारचे तास

(शिंप्याच्या दुकानाची पायरी.)

किल्लीवाला : मग ठरलं, मास्तर. जो हरेल त्यानं तो जांभळा कोट अंगात घालायचा आणि चौकापर्यंत जाऊन यायचं. भर रस्त्यातून.

शिंपी : तो गिऱ्हाइकाचा आहे.

किल्लीवाला : गिऱ्हाईक सहा वर्षांपूर्वी माप देऊन गेलं ते गेलंच. बँडवाला होता, एव्हाना वाद्यसुद्धा बदललं असेल. घाबरलास?

शिंपी : मी कशाला घाबरू? लेक माझी आहे. सकाळचेच विषय घेणार ती.

किल्लीवाला : आणि मी म्हणतो, दुपारचे. आठ दिवस माझ्या टपरीला टेकून ते कॉलेजचं माहितीपत्रक वाचतेय. पहिल्या वर्षाला इतिहासात दोन पर्याय, साहित्यात दोन. सकाळी राजे-लढाया आणि कथा. दुपारी साध्या माणसांचा इतिहास आणि नाटक. दुपारचं पान हाताळून हाताळून फाटायला आलंय. कुलूप बघून किल्ली ओळखतो मी.

शिंपी : म्हणूनच परवा त्या बाईंच्या कपाटाला तीन तास लागले.

किल्लीवाला : विषय बदलू नकोस. एवढी खात्री कशाची तुला?

शिंपी : फॉर्म मीच भरलाय. सकाळच्या दोन्ही चौकोनांत खुणा केल्यात. तिनं नुसता खिडकीत द्यायचा.

किल्लीवाला : अरे लबाडा! पत्ते बघून डाव लावतोस! आणि पोरगी काही बोलली नाही?

शिंपी : बरं म्हणाली.

किल्लीवाला : नुसतं बरं?

शिंपी : नुसतं बरं. हे बघ, सकाळी मी कापतो, दुपारपर्यंत शिवतो. काजं-बटणं शेवटी, आणि संध्याकाळी गिऱ्हाईक दारात. काजं तीच करते. मला आता सुईचं नाक दिसत नाही. ती दुपारी वर्गात बसली तर बटणं काय गोंदानं चिकटवू?

किल्लीवाला : हे तिला सांगितलंस?

शिंपी : सांगायचं काय त्यात? घरातच असते, दिसतं की तिला.

मुलगी : बाबा, निघते. तीनला खिडकी बंद होते.

किल्लीवाला : पोरी, लढाया आवडतात का गं तुला?

मुलगी : का हो, काका?

किल्लीवाला : काही नाही. तुझ्या बाबांना जांभळा रंग कसा दिसेल, एवढाच विचार करत होतो.

मुलगी : यांचं काहीतरी शिजतंय. बाबा, यांच्या नादी लागू नका. येते.

(दोन तासांनी. शिंप्याच्या दुकानाची तीच पायरी.)

किल्लीवाला : आली, आली! मास्तर, कात्री ठेव खाली.

शिंपी : दिलास फॉर्म?

मुलगी : दिला. पण आधी खिडकीतल्या बाईंनी परत माझ्या अंगावर टाकला. म्हणाल्या, कोरा फॉर्म घेऊन रांगेत उभी राहतेस?

शिंपी : कोरा कसा? मी खुणा...

मुलगी : केल्या होत्या. निळ्या खडूनं. तुमच्या कापडावरच्या खडूनं, बाबा! बसमध्ये फाइलला घासून सगळं पुसलं. चौकोनात नुसता निळसर धूर.

किल्लीवाला : आई गं! मास्तर! युनिव्हर्सिटीचा फॉर्म आणि खडू! खाली छातीचं माप नाही ना लिहिलंस?

शिंपी : हाताशी तोच होता.

मुलगी : बाई म्हणाल्या, पाच मिनिटांत भर, नाहीतर उद्या उरेल ते घे. मागच्या मुलीनं पेन दिलं.

शिंपी : मग?

मुलगी : तुमच्या खुणा कुठं होत्या ते पाठ होतं मला. तशाच करता आल्या असत्या.

शिंपी : मग?

मुलगी : नाही केल्या. दुपारचे घेतले. दोन्ही. आता वर्षभर बदलता येत नाहीत.

किल्लीवाला : हाण तिच्या!

मुलगी : काका, थांबा जरा. बाबा, त्या राजांच्या विषयाची सगळी यादी वाचली मी. त्यांचे कपडे कुणी शिवले, याची एक ओळ नाही. दुपारच्यात त्याचा अख्खा भाग आहे.

शिंपी : आणि काजं?

मुलगी : दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून करीन. तुम्ही फक्त वायदा एक दिवस पुढचा द्यायचा.

शिंपी : आजपर्यंत माझा वायदा चुकलेला नाही.

मुलगी : चुकवू नकाच. एक दिवस पुढचा द्या.

शिंपी : ...काढ रे तो कोट.

किल्लीवाला : काढून ठेवलाय कधीच! घाल. दुसरा हात. अरे, बाह्या कोपरापर्यंतच! मास्तर, हा शिवला तरी कुणी?

शिंपी : गप बस.

किल्लीवाला : ओ सलूनवाले, वस्तरा ठेवा, बाहेर या! ओ दूधवाले! मास्तर पैज हरलेत! लेक कॉलेजला चाललीय, तीसुद्धा ऐन दुपारी!

मुलगी : बास हो, काका. बाबा, मी येते चौकापर्यंत.

शिंपी : तू कशाला? पैज माझी आहे.

मुलगी : लोक हसतायत.

शिंपी : हसू देत. अशी पुढं पळू नकोस, काखेत काचतोय हा.

मुलगी : बाबा, काल तुमच्या खिशाला पेन होतं. मी बघितलं होतं.

शिंपी : असेल.

मुलगी : मग पुसून जाणाऱ्या खडूनं का?

शिंपी : त्या नाटकवाल्यांचे कपडे कोण शिवतं गं?

मुलगी : माहीत नाही.

शिंपी : विचारून ठेव.